चार त्रिक बारा, सहा दुणे बारा

एका ताईंनी विचारलंय: मुलगी सहावीत आहे. वीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ आहेत, मधूनच विचारलं तरी सांगते. पण ‘४ आणि ६ चे सामाईक विभाज्य सांग’ म्हटलं की गप्प होते, आणि लसावि (लघुतम सामाईक विभाज्य) विचारला की दोन्ही संख्यांचा गुणाकार करून मोकळी होते. ४ आणि ६ चा २४, ८ आणि १२ चा ९६. क्लासमध्ये उभी मांडणी शिकवलीय. ती केली की उत्तर बरोबर येतं, पण का येतं ते तिला सांगता येत नाही, आणि मलाही. घरी कसं समजावू?

ताई, ‘मलाही’ लिहिलंत ते बरं केलंत. मी कोल्हापुरात तीस वर्षं पाचवी-सहावीला गणित शिकवलं. त्यातली पहिली सात-आठ वर्षं मलाही ते सांगता येत नव्हतं. मांडणी येत होती, फळा भरत होता, पोरं पास होत होती, म्हणून कुणी विचारलं नाही एवढंच.

आधी मुलीची बाजू घेतो. २४ हे उत्तर टाकाऊ नाही. २४ ला ४ नं भाग जातो, ६ नंही जातो. म्हणजे तो ४ आणि ६ चा सामाईक विभाज्य आहेच, फक्त सगळ्यांत लहान नाही. आपण त्यावर लाल फुली मारली की पोरीला वाटतं, २४ चा या दोघांशी काही संबंधच नाही. त्याऐवजी ‘हा बरोबर आहे, पण याच्याआधी कुणी भेटतोय का बघ’ एवढंच म्हणा. शोध तिथून सुरू होतो.

शब्दांचाही बराच घोटाळा असतो. विभाजक आणि विभाज्य कानाला जुळ्या भावांसारखे. वाचक वाचतो, चालक चालवतो, तसा विभाजक भाग पाडतो, आणि विभाज्याचे भाग पडतात. भागाकारातले भाजक आणि भाज्य तिला माहीत असतील, तीच जोडी इथं आहे. ४ हा १२ चा विभाजक, १२ हा ४ चा विभाज्य. पण घरी समजावताना मी हे दोन्ही शब्द चार दिवस बाजूला ठेवीन आणि ‘पट’ म्हणेन. दुप्पट, तिप्पट, चौपट हे तिच्या तोंडातले शब्द आहेत. ‘४ च्या पटीतल्या संख्या सांग’ म्हटलं की ती अडायची नाही.

आता पाढ्यांचं. पाढे पाठ असणं ही मोठी पुंजी आहे, पण पाढ्याची एक खोड आहे: तो दाहेवर थांबतो. चार दाहे चाळीस, संपलं. एकदा वर्गात मी विचारलं, ५२ ला ४ नं भाग जातो का? पाढे घडाघडा म्हणणारा मुलगा म्हणाला, “न्हाई सर, चारच्या पाढ्यात बावन्न येतच न्हाई.” त्याच्या दृष्टीनं तो बरोबर होता. पाढा हे त्याच्यासाठी गाणं होतं, आणि गाणं दहाव्या ओळीला संपत होतं. तुमच्या मुलीलाही विचारून बघा, चाळीसनंतर ४ च्या पटीतली पुढची संख्या कोणती? पटकन ४४ म्हणाली तर ठीक. थांबली, तर लसाविला हात लावू नका, आधी हे नीट करा. ९६ पर्यंत चार-चारनं उड्या मारत जाऊ दे, मग १०० ओलांडू दे.

उड्या म्हणजे खरोखरच्या उड्या. उन्हाळ्यात पंचगंगेचं पाणी खाली गेलं की घाटाच्या पायऱ्या बऱ्याच उघड्या पडतात. आम्ही एकदा पोरांना सकाळी तिथं नेलं होतं. वरच्या एका पायरीवर दोघांना शेजारी-शेजारी उभं केलं आणि तिला शून्य म्हटलं. एकानं दोन-दोन पायऱ्या उतरायचं, दुसऱ्यानं तीन-तीन. पहिला टेकेल तिथं बाकीच्यांनी खडूनं गोल काढायचा, दुसरा टेकेल तिथं फुली. गोल २, ४, ६, ८, १० वर पडले. फुल्या ३, ६, ९, १२ वर. सहाव्या पायरीवर गोल आणि फुली दोन्ही, बाराव्यावर दोन्ही, अठराव्यावर दोन्ही. ‘सामाईक’ हा शब्द मी त्या दिवशी उच्चारलाच नाही. पोरंच म्हणाली, “हितं दोघंबी आलं.”

त्यात एक शंकेखोर होता. पायऱ्या जिथं पाण्यात शिरतात तिथं उभा राहून म्हणाला, “सर, पाण्याखालीबी असतील की!” म्हणजे दोघं भेटतील अशा पायऱ्या. मी म्हटलं, कुठल्या असतील सांग. त्यानं दिसणाऱ्या शेवटच्या भेटीच्या पायरीपासून सहा-सहा मोजत पाण्याखालच्या सांगितल्या. न दिसणाऱ्या पायऱ्या बरोबर सांगता आल्या, कारण भेटीच्या जागांचाही एक पाढा असतो हे त्याच्या ध्यानात आलं होतं. २ आणि ३ चे सगळे सामाईक विभाज्य म्हणजे ६ चा पाढा. ४ आणि ६ चे सगळे म्हणजे १२ चा: १२, २४, ३६, ४८... आणि हा पाढा दाहेवर थांबत नाही.

त्याच घाटावर शून्याचाही निकाल लागतो. पोरं विचारतात, सगळ्यांत लहान सामाईक विभाज्य शून्य का नाही? ० ला तर (खुद्द शून्य सोडून) कुठल्याही संख्येनं भाग जातो. चार शून्ये शून्य, सहा शून्ये शून्य. दोघं निघाले ती पायरी म्हणजे शून्य. तिथं ते सोबत होतेच, भेट म्हणायची ती निघाल्यानंतरची. शून्य धरलं तर जगातल्या सगळ्या लसाविंचं उत्तर शून्य येईल आणि कुणाच्याच उपयोगाचं राहणार नाही, म्हणून ते सोडून मोजतात.

आता घरात करायचं काम. चौकटीची वही घ्या. एका ओळीत चार-चार चौकटींचे तुकडे रंगवायचे, एक निळा, एक कोरा, पुन्हा निळा. बरोबर त्याच्याखालच्या ओळीत त्याच ठिकाणापासून सहा-सहा चौकटींचे. तुकडा संपतो तिथं जाड उभी रेघ, तिला आपण भिंत म्हणू. वरच्या ओळीत भिंती ४, ८, १२ वर, खालच्या ओळीत ६, १२ वर. बाराव्या चौकटीनंतर भिंती वरखाली एका रेषेत येतात. मग पुढं? पुढं पुन्हा पहिल्यापासूनचंच चित्र. वहीच्या कडेपर्यंत रंगवलं तरी नवं काही घडत नाही.

हे करत असताना एका मुलीनं मला काही दाखवलं, जे मी तोवर पाहिलं नव्हतं. तिनं वरच्या आणि खालच्या भिंती एकाच रेघेवर मांडल्या: ०, ४, ६, ८, १२. मग मधलं अंतर मोजलं: ४, २, २, ४. “सर, उलटं वाचलं तरी तेच.” ६ आणि ९ घेतले तर भिंती ०, ६, ९, १२, १८ आणि अंतरं ६, ३, ३, ६. पुन्हा तेच. कुठल्याही दोन संख्या घ्या, हे जमतंच. भेटीच्या जागेवरून मागं वळून त्याच ढांगांनी चालत आलात तर त्याच पायऱ्या लागणार, दुसरं काय होईल! पण हे तिनं शोधलं होतं आणि तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

आता तुमचा खरा प्रश्न: २४ का नाही, १२ का?

६ च्या पटीतल्या संख्या एकेक घ्या आणि प्रत्येकीला ४ नं भागून बाकी बघा. ६ ला भागलं, बाकी २. १२ ला भागलं, बाकी ०. १८ ला, बाकी २. २४ ला, बाकी ०. म्हणजे प्रत्येक ६ मध्ये ४ चा एक पुरा तुकडा बसतो आणि वर २ उरतात. दोनदा २ उरले की ४ चा आणखी एक तुकडा पुरा होतो. म्हणून दोन सहामध्येच काम झालं, चार सहांपर्यंत जायची वेळच आली नाही.

लगेच ५ आणि ६ घ्या. ६ ला ५ नं भागलं, बाकी १. १२ ला २, १८ ला ३, २४ ला ४, ३० ला ०. इथं दर खेपेला एकच उरतो, पाच खेपा झाल्याशिवाय पाचचा तुकडा भरत नाही. म्हणून ५ आणि ६ चा लसावि गुणाकाराएवढाच, ३०. गुणाकार करायची तुमच्या मुलीची रीत इथं अगदी बरोबर ठरते. गंमत अशी की वर्गात सुरुवातीची उदाहरणं बहुधा अशीच दिली जातात, २ आणि ३, ३ आणि ४, ४ आणि ५. पोरगी त्यातून ‘गुणाकार करायचा’ हा नियम स्वतः शिकते. तिनं बघितलेल्या उदाहरणांत तो नियम कधी चुकलेलाच नसतो. दोष उदाहरणं निवडणाऱ्याचा, आणि तो मी कित्येक वर्षं केला.

हीच गोष्ट अवयव पाडून बघितली तर उभ्या मांडणीचा अर्थ लागतो. ४ म्हणजे २ × २. ६ म्हणजे २ × ३. आपल्याला अशी संख्या हवी जिच्यात दोन २ असतील, म्हणजे ४ नं भाग जाईल, आणि एक २ नि एक ३ असेल, म्हणजे ६ नं जाईल. २ × २ × ३ मध्ये दोघांचंही भागतं. ६ ला लागणारा २ बाहेरून आणावा लागत नाही, तो ४ च्या घरात आहेच. गुणाकार करताना आपण तो दोनदा मोजतो, म्हणून उत्तर दुप्पट होऊन २४ येतं. उभ्या मांडणीत डावीकडे जो २ एकदाच लिहितात तो हाच. ८ आणि १२ मध्ये ४ सामाईक आहे, तो दोनदा मोजला गेला, म्हणून ९६ आलं. ९६ ला ४ नं भागा, २४. दोन संख्यांपुरता हा हिशेब नेहमी जुळतो: गुणाकार भागिले मसावि (महत्तम सामाईक विभाजक, दोघांनाही भाग देणारी सगळ्यांत मोठी संख्या) म्हणजे लसावि.

दोन संख्यांपुरता, हे मुद्दाम म्हटलं. तीन संख्यांना हेच लावायला जाऊ नका. ४, ६ आणि १० चा मसावि २, गुणाकार २४०. भागलं तर १२० येतात, आणि लसावि आहे ६०. उभ्या मांडणीतही तीन संख्या असल्या की पोरं हमखास एका जागी घसरतात. ४, ६, ८ घेतले, तिघांना २ नं भाग दिला, उरले २, ३, ४. आता तिघांना मिळून भाग जाणारं काही नाही म्हणून थांबतात आणि २ × २ × ३ × ४ करून ४८ लिहितात. पण उरलेल्यातल्या २ आणि ४ ला अजून २ नं भाग जातो. दोघांनाच जात असला तरी द्यायचा, ३ तसाच खाली उतरवायचा. मग येतात २४.

रोजच्या वापराला मात्र मी मांडणीसुद्धा करत नाही. मोठी संख्या धरायची, तिच्या पटी एकेक म्हणायच्या आणि लहानीनं भाग जातो का बघायचं. १२ आणि १८: अठराला बारानं जात नाही, छत्तीसला जातो, झालं. लहान संख्यांना याच्याइतकं झटपट दुसरं काही नाही, आणि पाठ असलेले पाढे इथंच कामाला येतात. मोठीलाच लहानीनं भाग जात असेल तर पहिल्याच पावलात उत्तर. मार्केट यार्डात गुळाचे १० किलोचे रवे (ढेपा) आणि ३० किलोचे रवे, दोन्हीकडे सारखं वजन व्हावं म्हणून कमीत कमी किती किलो गूळ लागेल? ३०. एका बाजूला तीन रवे, दुसऱ्या बाजूला एक. इथं पोरं ३०० म्हणाली तर त्यांना म्हणावं, उचलून दाखवा.

शाब्दिक उदाहरणात लसावि काढायचा की मसावि, यावर बरेचजण शब्द पकडायला शिकवतात: ‘एकाच वेळी’ दिसलं की लसावि, ‘समान तुकडे’ दिसलं की मसावि. मला ते पटत नाही, शब्द बदलला की पोर उघडं पडतं. मी एकच विचारायचो, उत्तर दिलेल्या संख्यांपेक्षा मोठं असायला हवं की लहान? १२ आणि १८ मीटरचे दोन दोर सारख्या तुकड्यांत कापायचे असतील तर तुकडा १२ पेक्षा मोठा कसा असेल? रंकाळ्यावरून दोन बस सात वाजता सोबत सुटल्या, एक दर १२ मिनिटांनी, दुसरी दर १८ मिनिटांनी सुटते (आकडे माझे, वेळापत्रकात शोधू नका), तर पुन्हा सोबत सुटायला १२ मिनिटांपेक्षा कमी वेळ कसा लागेल? सात छत्तीसला सुटतील. यात नावांचाही एक चकवा आहे. ‘लघुतम’ ऐकून पोरांना वाटतं लसावि लहान असणार, ‘महत्तम’ ऐकून वाटतं मसावि मोठा. असतं उलटं. लसावि कधीच दिलेल्या मोठ्या संख्येपेक्षा लहान नसतो, मसावि कधीच लहान संख्येपेक्षा मोठा नसतो.

बसचंच थोडं पुढं नेतो, कारण हा प्रश्न पुस्तकात सहसा नसतो आणि हुशार पोरांना आवडतो. पहिली बस ७ वाजता निघाली आणि दुसरी ७ वाजून ५ मिनिटांनी, तर त्या सोबत कधी सुटतील? दिवसभर चालवा, कधीच नाही. पहिलीची मिनिटं ०, १२, २४, ३६... सगळी ६ च्या पटीत. दुसरीची ५, २३, ४१, ५९... सहानं भागलं की नेहमी ५ बाकी. दोघींची गाठ पडायचीच नाही. लसावि लावण्याआधी दोघं एकाच पायरीवरून निघाले होते का, हे बघावं लागतं.

शिष्यवृत्तीच्या तयारीत एक प्रश्न हटकून येतो: ३, ४ आणि ५ नं भागलं असता प्रत्येक वेळी २ उरतात अशी सर्वांत लहान संख्या कोणती? लसावि ६०, त्यात २ मिळवले, ६२. सगळे हेच शिकवतात. एका पोरीनं हात वर करून विचारलं, “आणि २?” बरोबर होतं तिचं. २ ला ३, ४, ५ नं भागलं तर भागाकार ०, बाकी २. ‘दोन अंकी’ हा शब्द प्रश्नात नसेल तर उत्तर २ च येतं. ते ६२ काय आहे? सुरुवातीची पायरी शून्याऐवजी दोन धरली, आणि तिथून साठ पायऱ्यांनी सगळे पुन्हा भेटले.

गाण्याबजावण्याची आवड असलेल्या घरात हे आणखी सोपं जातं. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गात, त्या या गावात तबला शिकणारं पोर गल्लोगल्ली सापडतं. तीनतालाच्या मात्रा १६, झपतालाच्या १०. दोन हातांनी दोन ताल सोबत सुरू केले तर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, एकत्र कधी येईल? ८० व्या मात्रेनंतर: तीनतालाची पाच आवर्तनं, झपतालाची आठ. रूपक ७ मात्रांचा, त्याचं तीनतालाशी काही सामाईक नाही, म्हणून ११२ मात्रा थांबावं लागतं. आमच्या वर्गात एक तबला शिकणारा होता, गणितात जेमतेम. त्याला मी म्हटलं, पाच मात्रांचा एक तुकडा तीनतालात समेपासून सलग म्हणत जा, समेवर परत कधी येशील? त्यानं बोटांवर धरलं, मान हलवत राहिला आणि म्हणाला, “पाच आवर्तनं झाली की, सोळावा तुकडा संपला की.” १६ गुणिले ५ मी त्याला विचारलंच नव्हतं.

पाडव्याला पंचांगात संवत्सराचं नाव वाचतात तेही यातलंच. प्रभवापासून क्षयापर्यंत ६० नावं, मग पुन्हा प्रभव. गुरूला राशीचक्र फिरायला सुमारे १२ वर्षं लागतात, शनीला सुमारे ३०. १२ आणि ३० चा लसावि ६०. ‘सुमारे’ आहे म्हणून साठ वर्षांनी दोघं अगदी त्याच बिंदूवर येत नाहीत, पण जवळपास येतात.

आणि हे सगळं कशाला, तर मुख्यतः अपूर्णांकांच्या बेरजेसाठी. एक चतुर्थांश आणि एक षष्ठांश मिळवायचे तर चारच्या आणि सहाच्या तुकड्यांना एकाच मापात बसवावं लागतं, ते माप बारावा भाग. तीन बारांश आणि दोन बारांश, पाच बारांश. २४ चा छेद घेतला तरी बेरीज चुकत नाही, नंतर संक्षेप करावा लागतो एवढंच. म्हणजे तिच्या २४ ला इथंही काम मिळतं.

उद्यापासून करायचं ते सांगतो. चौकटीच्या वहीत ६ आणि ९ च्या दोन ओळी तिला रंगवू द्या. ‘लसावि’ म्हणू नका, भिंती कुठं जुळतात तेवढंच विचारा. तिनं रंगवायच्या आधीच ५४ सांगितलं तर मान हलवा, नाही म्हणू नका. अठराव्या चौकटीच्या रेघेवर बोट ठेवा आणि थांबा.